‘भ’ची गाठ

छापून आलेल्या पाचशे प्रतींत, पान 47 वर, खालून सहाव्या ओळीत एक नदी मेली आहे. हस्तलिखितात ती जिवंत होती. ‘पहिल्याच पावसात नदी भरली’ असं गुरुजींनी लिहिलं होतं, आणि मी छापलं ‘पहिल्याच पावसात नदी मरली’. टाइप करणारा मी. पहिलं प्रूफ वाचणारा मी. सुरतेच्या छापखान्यात फाइल पाठवण्याआधी शेवटची नजर टाकणाराही मीच. ‘म’ आणि ‘भ’मध्ये फरक तो केवढा? एक गाठ आणि डोक्यावरची जराशी तुटलेली रेघ. ती तिन्ही वेळा माझ्या नजरेतून सुटली.

ही चूक कबूल करायला फारशी हिंमत लागत नाही. मुद्रणदोष कुणाच्या पुस्तकात नसतात? जे सांगायला मला इतकी वर्षं लागली ते वेगळंच आहे. गुरुजींनी मला आधी बजावलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं. का ऐकलं नव्हतं, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

नवापूरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, शाळांचे वार्षिक अंक, आणि वर्षा-दोन वर्षांतून एखादं पुस्तक. निम्मी गिऱ्हाइकं उच्छलकडची, म्हणजे गुजरातेतली. त्यामुळे माझ्या कीबोर्डवर सकाळी गुजराती असते आणि दुपारी मराठी. आमचं रेल्वे स्टेशन तर ठाऊकच असेल: 1960 साली हद्द आखली गेली ती फलाटातूनच, म्हणून तिथलं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. बाहेरचे लोक त्यावर बसून फोटो काढतात. आम्ही त्यावर गाडीची वाट बघतो.

गाव असं दोन लिप्यांचं असल्यामुळे लहानपणापासून एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरलेली. स्टेशनाच्या पाटीवर मराठी नावाच्या डोक्यावर रेघ आहे, गुजराती नावाच्या नाही. पुढे धंद्यात पडल्यावर मी हा दाखला ज्याला त्याला ऐकवायचो. ‘मुंबई समाचार’ 1822 साली सुरू झालं, आजही बिनरेघेच्या अक्षरात निघतं. गुजराती लोकांनी डोक्यावरचं ओझं टाकून दिलं, त्यांचं काही अडलं का? मग आपणच ही जाड-बारीक रेघांची, गाठी-वळणांची जुनी नक्षी कशाला मिरवायची? हे मी अगदी ठामपणे बोलायचो. ऐकणाऱ्याला टायपोग्राफीचं ज्ञान वाटायचं. ते ज्ञान नव्हतं, राग होता.

त्या रागाचा उगम मला नीट आठवतो. मी मावची, म्हणजे आदिवासी घरातला. सातवी-आठवीत असताना सुट्टीत काही घरी दूध पोचवायचो. एका घरी ओसरीवर चौरंग असायचा आणि त्यावर उघडी पोथी. अक्षर मोठं, काळंभोर, रेघ कुठे जाड कुठे बारीक. एक दिवस ओळ वाचायला मी वाकलो. त्या घरातल्या आजी ओरडल्या नाहीत, काही बोलल्यासुद्धा नाहीत. त्यांनी पोथी उचलली, आत नेली, आणि दुसऱ्या दिवसापासून चौरंगही ओसरीवर दिसला नाही. मी दुधाचं माप ओतलं आणि निघालो. शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो, असं पुष्कळदा वाटतं.

तेव्हापासून ते अक्षर माझ्या लेखी आत नेलेल्या पोथीचं अक्षर झालं. दुकान घातल्यावर मी ते माझ्या कामात येऊच दिलं नाही. सरकारी कागदांवर तेव्हा सीडॅकचे ‘योगेश’ आणि ‘सुरेख’ चालायचे, बाजारात श्रीलिपी होती. मी मात्र शोधून शोधून सगळ्या बाजूंनी सारख्या जाडीच्या रेघेचे फॉन्ट वापरायचो. स्वच्छ, सपाट, गुळगुळीत. त्यावर मी एक सिद्धांतही उभारला होता. जिथे प्रत्येक रेघ सारख्या जाडीची, तिथे उच्च-नीच नाही, म्हणून हे समतेचं अक्षर! एका शाळेच्या अंकाच्या संपादकीयात हे मी लिहूनही टाकलं. तो अंक कुणाकडे असेल तर त्याने तो जपून ठेवू नये, एवढीच विनंती.

त्या सपाट अक्षरांचा अपमान मला आजही करायचा नाही. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिलाच. रातोरात सूचनांची पत्रकं काढायची होती, भिंतीवर लावायची, दहा फुटांवरून वाचता यावीत अशी. तिथे ते जाडजूड एकसारखं अक्षर अगदी बरोबर होतं. चूक इथून पुढची. भिंतीवर चाललेलं अक्षर मी पुस्तकात कोंबलं, आणि त्याला तत्त्वाचं नाव दिलं.

गुरुजी म्हणजे आश्रमशाळेतले माझे मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावोगाव फिरून मावची गोष्टी गोळा केल्या, मराठीत उतरवल्या, अधेमधे मावची शब्द तसेच ठेवले. फुलस्केपच्या दोन वह्या घेऊन ते दुकानात आले तेव्हा मला भरून आलं होतं. आपल्या गोष्टींचं आपल्या गावात तयार झालेलं पुस्तक! मी पैसेही कमी लावले. अक्षर अर्थातच माझ्या आवडीचं लावलं, 11 पॉइंटात, ओळी जरा दाटीने, म्हणजे पानं वाचतील.

आठवड्याने गुरुजी प्रूफ घेऊन परत आले. “वाचतोय रे. पण दहा पानांनंतर अक्षरं पळायला लागतात.”

“गुरुजी, मोतीबिंदू दाखवून घ्या एकदा.”

हे मी म्हणालो. ज्यांनी माझा हात धरून ‘अ’ गिरवून घेतला त्यांना. ते हसले. “ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. आता तुझ्यापेक्षा लांबचं दिसतं मला.” मग पिशवीतून त्यांनी पुठ्ठा निघालेलं, पिवळं पडलेलं एक पुस्तक काढलं. महाभारतातल्या कथा, मुंबईत निर्णयसागर छापखान्यात छापलेल्या. “असलं अक्षर नाही का तुझ्याकडे? हे मी रात्री कंदिलाजवळसुद्धा वाचलंय.”

मी पुस्तक हातातही घेतलं नाही. “ते पोथीचं अक्षर आहे गुरुजी. आपल्या गोष्टींना ते नको.”

“आपल्या म्हणजे?” त्यांनी विचारलं. मी काहीबाही बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बरं. तुझं काम तुला कळतं.” जाताना ते पुस्तक मुद्दाम की विसरून, टेबलावर तसंच राहिलं.

मला वाटलं, आपण जिंकलो. म्हाताऱ्या माणसाने आपलं डोळ्यांचं दुखणं सांगितलं आणि मी त्याला भूमिका ऐकवली, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

चार-सहा दिवसांनी मला भुसावळकडे जायचं होतं. पिशवीत दुसरं प्रूफ होतं आणि परत करायचं म्हणून घेतलेलं ते पुस्तकही. गाडी लेट, नेहमीप्रमाणे. त्या दोन राज्यांच्या बाकड्यावर बसून मी सहज पहिलं पान उघडलं, खरं तर खोड काढायलाच. गाडी आली तेव्हा मी चाळिसाव्या पानाच्या आसपास होतो. मध्ये घोषणा झाल्या असतील, कुणी शेजारी बसून उठूनही गेलं असेल. गाडीत बसल्यावर प्रूफ काढलं. सातव्या-आठव्या पानावर मी खिडकीबाहेर बघत होतो.

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी कारण शोधलं: प्रुफातल्या गोष्टी आपल्याला आधीच माहीत आहेत, म्हणून कंटाळा आला. महाभारत जणू मला माहीत नव्हतं! माणूस स्वतःशी किती सहज खोटं बोलतो, याचा एवढा चोख पुरावा पिशवीत घेऊन मी भुसावळला उतरलो, आणि आल्यावर प्रूफ पास करून टाकलं.

पुस्तकं आली. गुरुजींना पहिल्याच रात्री पान 47 सापडलं. सकाळी ते दुकानात आले, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि काही बोलले नाहीत. मी ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिसऱ्या वेळी मला ‘मरली’ दिसलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून तेच म्हणाले, “असू दे रे. एप्रिलात वाचणाऱ्याला खरंच वाटेल.” आमची रंगावली नदी उन्हाळ्यात कशी होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा विनोद कळेल. मला हसू आलं नाही.

शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवू, असं मी सुचवलं. गुरुजींना ते पटेना. गोष्ट वाचताना मध्येच चिठ्ठी कोण बघतो? शेवटी ठरलं की हातानेच दुरुस्त करायचं. पाचशे प्रती, त्यांच्या ओट्यावर, रोज संध्याकाळी शंभर. मी बॉलपेन नेलं. ‘म’चा ‘भ’ करायचा म्हणजे काय करायचं? डाव्या उभ्या दांडीच्या टोकाला गाठ काढायची, आणि तिच्या डोक्यावरची रेघ अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडून काढायची. रेघ सहज निघाली. गाठ बसेना. त्या सपाट अक्षरात दांडी आणि काना यांच्यामध्ये जागाच इतकी कमी की बॉलपेनची गाठ काढली की काळा ठिपका व्हायचा. दहा-बारा प्रतींत मी ठिपके केले. तिथे आता ना ‘भ’ होता ना ‘म’.

गुरुजी आत गेले आणि बोरू घेऊन आले. आश्रमशाळेत आम्हाला गिरवायला द्यायचे तसलाच, तिरपा काप घेतलेला, फक्त अगदी बारीक तासलेला. त्यांनी शाईत बुडवला, टोक दांडीला टेकवलं आणि मनगट न उचलता एक छोटा वळसा घेतला. गाठ तयार झाली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला केसाएवढी बारीक, आणि मधलं पांढरं जसंच्या तसं मोकळं. काळा ठिपका नाही. अक्षर लांबूनही ‘भ’ दिसत होतं.

“जाड कुठे करायचं ते कसं ठरवता?” मी विचारलं.

“मी कुठे ठरवतो? काप ठरवतो.”

मग त्यांनी बोरू माझ्या हातात दिला. पहिल्या पंधरा-वीस प्रती मी बिघडवल्या. मी गाठीला जाडी ‘द्यायला’ जात होतो, जशी कॉम्प्युटरवर अक्षराला बाह्यरेषा देतो. बोरूला ते चालत नाही. तो एकाच कोनात धरायचा आणि हात फिरवायचा. ज्या दिशेला हात जाईल तिथे रेघ आपोआप जाड किंवा बारीक. दुसऱ्या संध्याकाळी कधीतरी, दोनशेच्या आसपास, हात सैल झाला. बारीक रेघ गाठीच्या आत शिरायची तिथेच नेमकी शिरू लागली, म्हणजे जिथे जागा कमी असते तिथे. जाड रेघ यायची ती बाहेरच्या बाजूला, जिथे जागा मोकळी असते तिथे. मी थांबलो. प्रत तशीच हातात धरून मी त्या अक्षराकडे बघत राहिलो.

इतकी वर्षं मी त्या जाड-बारीकपणाला नक्षी म्हणत आलो होतो. ही नक्षी नव्हतीच. गाठ बुजू नये म्हणून रेघ तिथे अंग चोरते, एवढंच ते होतं. ‘भ’ला ‘म’पासून, ‘ध’ला ‘घ’पासून, ‘थ’ला ‘य’पासून वेगळं ठेवायची ती शेकडो हातांनी घासून काढलेली तोड होती. ‘सगळ्या रेघा सारख्या’ म्हणत मी ती काढून टाकली, आणि म्हणून माझ्या पुस्तकात नदी मेली. समतेच्या नावाखाली मी दोन वेगळ्या अक्षरांचा एकच ठिपका करून ठेवला होता!

“काय झालं?” गुरुजींनी विचारलं. मी म्हणालो, “मोतीबिंदू मलाच झाला होता.” ते पुढची प्रत उघडत म्हणाले, “हात चालव. अंधार पडतोय.”

त्यानंतर मी वाचायला लागलो, आणि माझं राहिलेलंही ढासळलं. माझ्या समजुतीप्रमाणे ते अक्षर पोथीवाल्यांनी जन्माला घातलेलं होतं. पण 1831 साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी जातीने भंडारी. छापील पुस्तकाला हात लावायला सोवळे लोक कचरायचे, म्हणून त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं, अशी गोष्ट सांगतात. निर्णयसागरचे जावजी दादाजी चौधरी गरीब घरचं पोर. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, शाळा बेताचीच. 1864 मध्ये त्यांनी टाइप ओतायचा कारखाना काढला, 1869 मध्ये छापखाना. त्या टाइपाचे ठसे कोरणारे त्यांचे सोबती राणोजी रावजी आरू. पोलादी कांडीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. ‘भ’ची ती गाठ, तिच्यातलं ते एवढंसं पांढरं, पोलादात उलटं कोरणाऱ्या माणसाच्या हाताचं आहे. खिळे जुळवणारे जुळारीही कामगारच. वर मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार, अशी तीन मजली जुळणी दिवसभर उभ्याने करायची.

आणि जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये छापली गेली ती कशात? खिळ्यांतच. बाबासाहेबांचा 1920 चा ‘मूकनायक’? तोही खिळ्यांतच, त्याच बोरूच्या वळणाच्या अक्षरात. मी ज्याला दार लावणाऱ्यांचं अक्षर म्हणत होतो, त्याच अक्षराने दारावर धडका दिल्या होत्या. त्या ओसरीवर पोथी उचलणारे हात होते. अक्षराने मला हाकललं नव्हतं. राग खरा होता, पत्ता चुकला होता. आणि चुकीच्या पत्त्यावर मी वीस वर्षं दगड मारत बसलो, त्यातला एक गुरुजींना लागला.

गुजरातीचा माझा आवडता दाखलाही मग मी नीट तपासला. त्यांनी रेघ टाकली हे खरं. वहीत भराभर लिहिणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाताची ती लिपी. पण पुस्तकी गुजराती टाइप जवळून बघा. लेखणीचं जाड-बारीक त्यांनी टाकलेलं नाही. मी अर्धाच दाखला देत आलो होतो, बाकड्याच्या एकाच बाजूला बसल्यासारखा.

दुसऱ्या आवृत्तीसाठी अक्षर शोधायला बसलो तर ते मिळालं कॅनडातून. टिरो टाइपवर्क्स नावाची तिथली एक छोटी टाइप फाउंड्री. हार्वर्ड विद्यापीठाच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी या 2015 पासून निघणाऱ्या ग्रंथमालेसाठी त्यांनी देवनागरी घडवली, ती निर्णयसागरच्या टाइपावरून. पुढे तीच फुकट उतरवून घेता येईल अशी सगळ्यांसाठी ठेवली, संस्कृत, हिंदी आणि मराठी अशा तीन वेगवेगळ्या रूपांत. मराठीच्या फॉन्टात ‘ल’ पाकळीचा आहे आणि ‘श’ देठाचा, आपल्या शासनाने 2009 साली प्रमाण ठरवला तसा. (बरेचसे फॉन्ट न सांगता हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ देतात, आणि आमच्यासारखे दुकानदार ते तसेच जाऊ देतात. मीही जाऊ दिले आहेत, पुष्कळ.) मुंबईत कोरलेलं अक्षर हार्वर्ड आणि कॅनडा फिरून नवापूरच्या माझ्या कॉम्प्युटरवर आलं, आणि पहिलं काम त्याला मिळालं मावची गोष्टींचं. जावजींना काय वाटलं असतं कोण जाणे. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

नव्या आवृत्तीत ओळी मोकळ्या ठेवल्या. बावीस पानं वाढली, खर्चही वाढला. तो मी गुरुजींना सांगितला नाही. नदी आता पान 53 वर आहे. गुरुजी प्रूफ वाचतायत, त्यांच्या गतीने.

परवा कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला, गावितपाड्याकडचा, कवितांची वही घेऊन. मी उत्साहाने त्याला एक पान नव्या अक्षरात लावून दाखवलं. त्याने पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “दादा, हे पोथीसारखं दिसतंय. आपल्या कवितांना नको.”

‘आपल्या म्हणजे?’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी गिळले. वीस मिनिटं जावजी दादाजींवर भाषण द्यायचीही सुरसुरी आली होती, तीही आवरली. त्याच्या त्या रागात माझं काही हरवलेलं होतं, ते मला ओळखीचं वाटलं. मी त्याच्या दहा कविता दोन्ही अक्षरांत छापून दिल्या आणि म्हणालो, स्टेशनावर जा, गाडी लेट आहे, बाकड्यावर बसून दोन्ही वाच, तू म्हणशील ते लावू.

कागद घेऊन तो गेला. अजून आलेला नाही.